वरची डांगरवाडी

टेकचंदला मी माफ केलं नव्हतं आणि करणारही नव्हते.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती. कारध्याच्या वर वैनगंगेच्या वाळूत आमच्या तिघांच्या तीन डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांच्या वाड्या, होत्या. उन्हाळ्यात वर उगमाला, शिवनीकडे, पाऊस कोसळला की इथे नदी न सांगता फुगते. म्हणून रीत अशी, की वरच्या वाडीवाल्याने पाणी दिसताच तेलाचा रिकामा डबा बडवायचा आणि तो ऐकून खालच्याने आपला. गेल्या मे महिन्यात वरची वाडी टेकचंदची होती. त्याने आधी स्वतःचं पाण्याचं इंजिन काठावर ओढलं, मग डबा वाजवला. तोवर वाळूत दाव्याला बांधलेली माझी गाभण म्हैस गेली.

"वारा उलटा होता, तुले ऐकू नसन आलं, मंगलाबाई," असं तोंड वर करून म्हणाला मेला. तेव्हापासून मी डूख धरून होते.

यंदाच्या वाटपात वरचा खडकाळ तुकडा मी मुद्दाम मागून घेतला; माझी मधली वाडी टेकचंदला गेली. वेल धड आले नाहीत. मला कुठे डांगरं हवी होती!

दोन दिवस उत्तरेला आभाळ काळंच होतं. तिसऱ्या दुपारी पाणी आधी गढूळ झालं, मग लाल. बारक्या मासोळ्या धार सोडून काठाच्या गवतात शिरल्या. वाळूच्या बिळांतून किडे पळाले आणि बगळे ते टिपायला धावले. एक कासव माझ्या पायाजवळून चढ चढून गेलं. टिटव्या अंड्यांवर घिरट्या घालत ओरडत होत्या. खाली टेकचंद पाठ करून डांगरं तोडत होता.

मी डबा मांडीवर घेऊन बसले. त्याला मारायचं नव्हतं, वाडी बुडवायची होती. टिटवीची अंडी डोळ्यांदेखत वाहून गेली, तरी हात उचलला नाही. पाणी घोट्याला लागलं तेव्हा बडवला. टेकचंदने लगेच आपला डबा बडवला आणि जीव घेऊन पळाला. इंजिन, डांगरं, खोपी, सगळं नदीने नेलं. मला इतकं बरं वाटलं की हसू आवरेना.

मग काठावर ललिताबाई दिसली, गुडघ्यापर्यंत चिखलात. सगळ्यात खालची वाडी तिची. म्हैस गेल्यावर वर्षभर चहापुरतं दूध तिनेच पाठवलं होतं. तिसऱ्या वाडीचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

"सारी वाडी गेली वं माय," ती रडत म्हणाली. "या टेकचंदानं यंदाही डबा उशिराच वाजवला."

"मंगलाबाईचा ऐकल्याबरोबर वाजवला मी! इमानानं सांगतो," टेकचंद पुढे येत म्हणाला.

"तुयं इमान मागच्या सालीच पायलं आम्ही." ती माझ्याकडे वळली. "तूच सांग वं बाई, तू कधी वाजवला?"

टेकचंदही माझ्याकडेच बघत होता.

"पाणी दिसल्याबरोबर," मी म्हणाले.