गोड बोलण्याचे दोन महिने

हिंदुराव येळवंडे यांचा आवाज महाळुंग्याच्या त्यांच्या पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपमध्ये मशिनांच्या खडखडाटावरूनही ऐकू यायचा, आणि याचा त्यांना अभिमान होता. मोठ्या कंपन्या माणसांना बोलवायला स्पीकर बसवतात, यांनी तो खर्च वाचवला होता. सकाळी गाडीतून पाय खाली ठेवला की ते सुरू व्हायचे. पत्रा वाकडा लागला तर शिवी, सरळ लागला तर आज सूर्य कुठून उगवला अशी चौकशी. शेडमधली चाळीसेक माणसं हे ऐकत ऐकत कामाला लागायची. ओरडणं ही आपुलकी असते, असं हिंदुरावांचं ठाम मत होतं. परक्या माणसासाठी कोण कशाला घसा कोरडा करील, असं ते म्हणत.

या आपुलकीतला सगळ्यात मोठा वाटा कादर शेखला मिळायचा. पत्र्याचे ब्रॅकेट ठोकायला प्रेसमध्ये जो लोखंडी साचा बसवतात, त्याला डाय म्हणतात. ती बसवणं, घासणं, अडकली की सोडवणं हे कादरचं काम. शेडमध्ये पहिली प्रेस आली तेव्हापासून तो इथेच होता. खुद्द हिंदुरावांना मशिनातलं फारसं कळत नव्हतं. त्यांना जमीन कळायची, आणि ती बरीचशी एमआयडीसीत गेली होती. त्यामुळे डाय अडकली की त्यांच्याकडे एकच उपाय होता. "ए काद्या, मेलास का रं? हिकडं ये." कादर यायचा, डाय सुटायची, आणि आपण ओरडलो म्हणून ती सुटली असं हिंदुरावांना मनापासून वाटायचं.

असं वीसेक वर्षं उत्तम चाललं होतं. मग ज्या मोठ्या कंपनीला हे ब्रॅकेट जात, त्या कंपनीच्या डोक्यात आलं की आपले पुरवठादार माणसांशी कसे वागतात हेही तपासायचं. त्याआधी मालकांसाठी नाशिक रस्त्यावरच्या एका हॉटेलात दिवसभराचं शिबिर ठेवलं. हिंदुरावांचं ऑफिस त्यांची सून करिष्मा सांभाळायची. तिने नाव नोंदवून टाकलं आणि सासऱ्यांना इस्त्रीचा शर्ट काढून दिला. जेवण चांगलं असतं म्हणाली, म्हणून ते गेले.

शिबिरात पुण्याच्या एक बाई बोलत होत्या. हिंदुराव सकाळभर छान डुलक्या घेत होते. जेवणाच्या वेळी भोसरीचे लक्ष्मणराव शेजारी बसले. त्यांचंही असंच प्रेस शॉप. त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांचा डाय सेटर मागच्या महिन्यात नोकरी सोडून गेला होता आणि निम्म्या प्रेस बंद पडून होत्या.

"तुमचा कादर आहे ना अजून?" लक्ष्मणराव म्हणाले. "सांभाळा राव त्याला. चाकणपासून भोसरीपर्यंत सगळ्यांचा डोळा आहे त्याच्यावर."

हिंदुरावांनी तोंडाजवळ नेलेला गुलाबजाम वाटीत परत ठेवला. कादर जाऊ शकतो, हा विचार त्यांच्या मनाला आजवर शिवलाही नव्हता. शेडचा खांब कधी राजीनामा देतो का? दुपारी ते पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि बाईंचा शब्द न् शब्द त्यांनी कान देऊन ऐकला. शेवटी बाईंनी सगळ्यांना खिशात मावेल असं एक कार्ड वाटलं. माणसाला मानाने हाक मारा. घरची विचारपूस करा. कौतुक चारचौघांत करा, चूक एकट्याला सांगा. आवाज खाली ठेवा. हिंदुरावांनी ते कार्ड देवाच्या अंगाऱ्यासारखं वरच्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीतून उतरले आणि गप्प राहिले. वॉचमनने शंका येऊन गाडीच्या आत डोकावून पाहिलं. हिंदुराव थेट कादरजवळ गेले.

"कादरभाई, आपण जरा येता का?"

कादरने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. दोघं केबिनमध्ये गेले. हिंदुरावांनी त्याला खुर्ची दिली आणि टेबलाखाली धरलेल्या कार्डाकडे एक नजर टाकली.

"घरी कोण कोण असतं आपल्या?"

"शेठ, आमची हिना जन्मली तेव्हा अकिक्याला तुम्ही आमच्या घरी जेवून गेला होता," कादर म्हणाला.

"व्हय व्हय. म्हणजे, हो. किती मोठी झाली असेल ती?"

"डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे."

"छान. फार छान," हिंदुराव म्हणाले. त्यानंतर काय विचारायचं ते कार्डावर नव्हतं, म्हणून दोघं थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले.

हळूहळू शेडचं रूप पालटलं. वाढदिवसाला केक येऊ लागला. जेवणाच्या सुट्टीत हिंदुराव डबा घेऊन कामगारांत बसू लागले, त्यामुळे कामगार घास न चावता गिळून पटापट उठू लागले. ते आता इतकं हळू बोलत की चालू प्रेसजवळ काही ऐकूच यायचं नाही. दोनदा त्यांनी थांबवा म्हटलेला माल तसाच ठोकला गेला. तेव्हाही त्यांनी कार्डाला स्मरून माणसाला बाजूला नेलं आणि मृदू आवाजात चूक सांगितली. तो माणूस पांढराफटक पडला. करिष्मा मात्र खूश होती. आप्पांना या वयात एवढं जमतंय याचं तिला खरंच कौतुक वाटत होतं.

एकदा कादरची हिना आली. तिला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी प्रेस बघायच्या होत्या. हिंदुरावांनी स्वतः पुढे होऊन तिला शेड दाखवली. चहाची वेळ होती, सगळे जमले होते. संधी चांगली होती. त्यांनी खिशातलं कार्ड तळहातात घेतलं आणि घसा साफ केला.

"पोरी, तुझे वडील म्हणजे या कंपनीचा कणा आहेत. कादरभाई आहेत म्हणून आम्ही आहोत."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. हिना बापाकडे बघून हसली. कादरने मान खाली घातली आणि एक पाना उचलून तो उगाच पुसत राहिला. चारचौघांत कौतुक झालं, एक काम उरकलं, असं म्हणून हिंदुराव पुढच्या कामाला गेले.

पण शेडमध्ये काहीतरी बिनसत होतं. माणसं खाडे करू लागली. कोणाची आजी आजारी, कोणाचं दाढ काढणं. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, तरी शुक्रवारीही अर्धी लाइन रिकामी. जे यायचे ते कोपऱ्यात कुजबुजायचे आणि हिंदुराव दिसले की गप्प व्हायचे. दोन महिने होत आले तेव्हा दोघं जण नोकरी सोडूनच गेले. हिंदुराव हिशेब करू लागले. आज हे गेले, उद्या कादर जाईल. त्यांनी पॅकिंगवरच्या सुमनताईंना केबिनमध्ये बोलावलं. सुमनताई वयाने मोठ्या, आणि मालकापुढे जीभ आवरायची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती.

"सुमनताई, आपल्याला इथं काही अडचण आहे का? मनमोकळेपणाने सांगा."

"ते आपल्याला-बिपल्याला जाऊ द्या शेठ," सुमनताई म्हणाल्या. "कारखाना कुणाला विकलात तेवढं सांगा."

"विकला? कोण म्हणतं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी पिंपरीला ज्या कंपनीत होते ना, तिथं असंच झालं. साहेब लोक आमच्यात जेवायला बसले, योगाचा मास्तर आणला, बायकांना साड्या वाटल्या. महिन्याभरात गेटला कुलूप. आणि तुमचं तर सगळ्यांना माहितीय. चऱ्होलीची जमीन विकलीत तेव्हा बिल्डरशी अगदी असंच गोड बोलत होता. शनिवारच्या बाजारात बैल न्यायचा असला की आधी त्याला धुतात, शिंगांना रंग देतात. पोरं म्हणतात, आपली शिंगं रंगवून झाली, आता गिऱ्हाईक येईल."

हिंदुरावांना हसू फुटलं. खुर्चीत मागे रेलून ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दोन महिने छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून नेल्यासारखं त्यांना हलकं वाटलं. म्हणजे माणसांना शिव्याच हव्या होत्या. आपण मूळचे बरोबरच होतो.

संध्याकाळी त्यांनी हे करिष्माला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"आप्पा, तुम्ही उलटा अर्थ काढताय. कारखाना विकणार नाही, एवढं सगळ्यांना जमवून सांगा. बास. बाकी आहे तसं चालू ठेवा."

"तू पुस्तकं वाचतीस, मी माणसं वाचतो," हिंदुराव म्हणाले, आणि ते कार्ड त्यांनी तिच्याकडे देऊन टाकलं.

सकाळी गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग वॉचमनच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. वॉचमनने हसून सलाम ठोकला. शेडमध्ये शिरता शिरता हिंदुरावांनी लाइनवरच्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या लायकीप्रमाणे काहीतरी दिलं. चेहरे उजळले. ज्यांची दाढ काढायची राहिली होती ती दुखायची थांबली. दुपारी सगळ्यांनी मिळून वडापाव मागवला आणि शेठसाठी दोन जास्त ठेवले. तेवढ्यात तीन नंबरच्या प्रेसची डाय अडकली.

"ए काद्या," हिंदुराव गरजले, "मेलास का रं?"

कादर आला. त्याने डाय सोडवली, हात पुसले आणि गेला. दोन महिन्यांत इतकं मोकळं, इतकं घरच्यासारखं हिंदुरावांना वाटलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी, शिफ्ट संपताना, कादर केबिनच्या दारात उभा राहिला. त्याच्या हातात राजीनामा होता. भोसरीला एका तरुण मालकाचं डाय बनवायचं छोटं टूलरूम होतं, तिथे तो एक तारखेपासून जाणार होता.

हिंदुरावांना प्रथम राग आला, मग घाम आला. "पगार किती जास्त देतोय?"

"इथल्याएवढाच आहे शेठ."

"मग ती विकायची आवई ऐकून जागा बघितली होतीस? अरे, ते सगळं खोटं होतं."

"तेव्हा सगळे बघत होते. मी नाही बघितली. मला माहीत होतं तुम्ही विकणार नाही." कादर जरासा हसला. "तुमच्या हातातलं कार्ड मला दिसायचं. पाठ करून बोलत होता तुम्ही."

हिंदुराव ओशाळले. "मग झालं तर. नाटक होतं ते. तुला काय त्याचं?"

बोलायची कादरला फारशी सवय नव्हती.

"मलाही तसंच वाटलं होतं," तो म्हणाला. "पण त्या दिवशी हिनासमोर तुम्ही बोललात ना, तिने घरी जाऊन तिच्या आईला, परवीनला, ते चार वेळा सांगितलं. शेठनं स्वतः शेड दाखवली, कणा म्हणाले, टाळ्या वाजल्या. परवीन म्हणाली, तुम्ही कधी सांगितलं नाहीत आम्हाला. काय सांगणार होतो? कार्डावरचं होतं हे मला माहीत होतं शेठ. तरी बरं वाटलं. मग रोजच बरं वाटायला लागलं. घरी गेलो की उगाच चिडायचो, ते बंद झालं. म्हणजे आधी मी चिडायचो, हेच मला तेव्हा कळलं."

"अरे, पण वीस वर्षं तू ऐकत होतास की."

"ऐकत होतो. सगळीकडे असंच असतं असं वाटायचं." कादरने दाराच्या कडीवर हात ठेवला. "मागच्या आठवड्यात माझी गाडी बंद होती. हिना मला न्यायला आली होती, गेटवर उभी होती. तुम्ही हाक मारलीत. मी गेलो, काम केलं, बाहेर आलो. घरापर्यंत तिने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं."

हिंदुरावांना ती हाक आठवेना. दिवसातून किती वेळा मारायचे, त्यातली कोणती असेल? त्यांना एकदम फार वाईट वाटलं. ते उठून उभे राहिले.

"बसा," ते म्हणाले. "कादरभाई, बसा. मी आजपासून परत तसंच बोलतो. कार्ड नको, बिर्ड नको. मनापासून बोलतो. जाऊ नका."

"आता मनापासूनच बोलताय," कादर म्हणाला. "मला कळतंय. पण शेठ, उद्या सकाळी डाय अडकली की तोंडातून काय येईल?"

हिंदुरावांनी तोंड उघडलं. तीन नंबरची प्रेस त्यांच्या डोळ्यांसमोर आली, थांबलेली, वाकडा पत्रा अर्धा बाहेर आलेला. त्यांच्या घशात जे आलं ते त्यांनी तसंच गिळलं, आणि तोंड पुन्हा मिटलं. बाहेर शेडमध्ये कोणीतरी त्यांचीच नक्कल करत कोणाला तरी शिवी घातली आणि सगळे हसले. माणसं खुशीत होती.

त्यांनी पेन घेतलं आणि कागदावर सही केली.

"ईदला घरी या शेठ," कादर कागद घडी करत म्हणाला. "परवीननं सांगितलंय. तिथं आपल्यात काही काम नसतं. तिथं तुम्हाला कादरभाई म्हणता येईल."

तो गेल्यावर समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हिंदुरावांनी अगदी हळू आवाजात एकदा म्हणून पाहिलं, कादरभाई. ते सहज जमलं.