शेवटच्या रांगेतला व्हॉल्व्ह

“आलो गं! ऐकलंस का? ओ तरी दे.”

व्हॉल्व्हच्या डबीचा स्क्रू सैल करता करता तिला नवऱ्याचा तो जुना आवाज आठवला. भाड्याच्या पहिल्या खोलीचा जिना चढत, धापा टाकत वर येणारा. तिला तो नेहमी ऐकू यायचा. हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न असायचं. ती गालातल्या गालात हसायची आणि तारा जोडत राहायची. ऐकलं होतं, हसली होती, आणखी काय कळवायचं? पण जिन्यावरून हसू दिसत नाही. पुढे तो हाक न मारताच वर येऊ लागला, आणि त्याही पुढे यायचाच थांबला.

झाकण निघालं. आत पाणी साठलं होतं, बॅटरीवर हिरवट थर चढला होता.

“मेलाय,” ती म्हणाली.

“कधीचा?” रांगेच्या पलीकडून तिचा पूर्वीचा नवरा वाकून बघत होता. दोघांची घरं कधीच वेगळी झाली होती, कार्यशाळा मात्र अजून एकच होती. चूल मोडली पण भागीदारी टिकली, असं तो लोकांना हसत सांगायचा.

“ते कसं कळणार?”

“तेच तर.”

काचघरातली ही शेवटची रांग. बाकीच्या रांगांमधली फुलझाडं ओल्या अंगाने डुलत होती. इथली पानं बोट लागलं तरी कागदासारखी वाजत होती. माळीणकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“तुमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळं हिरवंगार होतं, ताई. मी म्हटलं, यंत्र म्हणतंय तर असेल. झाडं वाळून कोळ झाली, यंत्राचा हिरवेपणा काही ढळला नाही.”

“चूक आमची आहे, काकू,” तो म्हणाला. “रोपं भरून देतो.”

“द्याल हो. पण यांनी कळी धरली होती.”

काकूंनी बादली उचलली आणि त्या निघून गेल्या.

चूक ‘आमची’ नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. प्रत्येक व्हॉल्व्ह बॅटरीवर चालायचा. मधूनमधून क्षणभर जागा व्हायचा, बाहेरच्या खोलीतल्या पेटीने हवेतून हुकूम धाडला असेल तर ऐकायचा, पाणी सोडायचा, पुन्हा झोपी जायचा. यंत्रणा आखताना तिचा नवरा म्हणायचा, प्रत्येक हुकमाची पोच हवी. पोच आली नाही तर हुकूम पुन्हा धाडावा. ती म्हणायची, ऐकण्यापेक्षा बोलण्याला बॅटरी जास्त लागते. शिवाय पोचेची वाट बघा, पुन्हा धाडा, दोनदा आलेला हुकूम ओळखा. एवढा गुंता केला की एक दिवस तो गुंताच पायात येतो. त्यापेक्षा व्हॉल्व्ह अडला तरच बोलेल. गप्प आहे म्हणजे ठीक आहे. तिचंच खरं झालं होतं, आणि बॅटऱ्या वर्षानुवर्षं चालल्याही होत्या. मेलेलाही गप्पच असतो, हे तेवढं राहून गेलं होतं.

“बॅटरीचं गणित तुझंच बरोबर होतं,” तो म्हणाला. “माझं ऐकलं असतं तर एका हंगामात सगळ्या बसल्या असत्या.”

“समजूत घालू नकोस.”

“नाही घालत. आता तुझ्यामाझ्या मधलं काहीतरी काढ. मी महिनाअखेरीला जायच्या आत.”

त्या दूरच्या शहरातल्या नोकरीचं त्याने सांगितलं, तेव्हा ती मीटरच्या काट्याकडे बघत ‘छान’ म्हणाली होती. मग त्याने विचारलं होतं, तुझं कसं काय? ‘बरं चाललंय.’ हे दोन शब्द तिच्या जिभेवर इतके घासले गेले होते की ते बाहेर पडल्याचंही तिला कळत नसे.

तिने डबीतलं पाणी मातीत ओतलं.

“रोज सकाळी एकदा बोलू दे त्याला,” ती म्हणाली. “हुकूम असो नसो. ‘आहे’, एवढंच म्हणेल. नाही म्हणाला, तर पेटीने लाल दिवा लावायचा.”

“सांगण्यासारखं काही नसलं तरी?”

“नसलं तरी.”

“बॅटरी खाईल.”

“थोडी खाईल. खाऊ दे.”

“हे तू म्हणतेयस?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग लॅपटॉप घेऊन काचघराच्या दुसऱ्या टोकाला गेला.

तिने नवी डबी बसवली, नवा प्रोग्रॅम भरला. ऊन चढलं तसे भिंतीतले मोठे पंखे आपोआप सुरू झाले आणि सगळी पानं एका अंगाला कलली. तिने डबीतलं बटण दाबलं. दूर, हिरव्या गर्दीच्या पार, त्याचा हात वर झाला.

“आला! स्पष्ट आला!”

मग तो वाकून केबल गुंडाळू लागला. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, अंगठ्यापासून कोपरापर्यंत, आई लोकरीची लडी करते तशी. हे गुंडाळणं असंच महिनाअखेरीपर्यंत चालणार होतं; एकेक वायर, एकेक अवजार.

“जाऊ नकोस,” ती म्हणाली.

पंख्यांनी ते गिळून टाकलं. त्याला नुसते ओठ हललेले दिसले असावेत.

“काय?” त्याने ओरडून विचारलं.

‘काही नाही’ हे तिच्या ओठांवर तयारच होतं. हात हलवला असता तरी भागलं असतं. तिने स्क्रूड्रायव्हर मातीत खोचला आणि दोन रांगांमधून चालू लागली. ओली पानं बाहीला घासत होती.

“काय झालं? पुन्हा अडलं का?” ती जवळ आल्यावर त्याने विचारलं.

“ते नीट आहे.”

तिने भिंतीवरचं बटण दाबून पंखे बंद केले. पाती मंदावत गेली. अगदी थांबेपर्यंत ती उभी राहिली, आणि केबलचा वेढा हातात धरून तोही.

“माझं बरं चाललेलं नाही,” ती म्हणाली. “तू गेलास तेव्हापासून नाही. जाऊ नकोस.”