अर्धवट उघडणारं दार

मी एक जुनं दार आहे. माझ्यामागे ना घर, ना खोली. चौकटीखाली चाकं आणि दोन्ही बाजूंना मोकळी हवा. मित्रांनो, मी विनोदी प्रहसनं करणाऱ्या एका मंडळीचं दार आहे.

मला काकांनी घडवलं. ते मूळचे सुतार, पण लोकांना हसवायचं वेड लागलं आणि रंधा मागे पडला. प्रहसनं त्यांची मुलगी लिहायची. तिला सगळे ताई म्हणत. काका कधी विसरभोळे डॉक्टर व्हायचे, कधी तापट घरमालक. मला अर्धवट उघडून ते नुसतं डोकं आत घालायचे आणि थांबायचे. प्रेक्षक हसून बेजार होत. हशा ओसरू लागला की मगच काका पहिलं वाक्य टाकायचे.

पुढे मंडळीला दूरचित्रवाणीवर बोलावणं आलं. मला नवा रंग लागला. स्टुडिओत झगझगीत दिवे होते, कॅमेरे होते. फक्त प्रेक्षक नव्हते.

काकांनी मला उघडलं, डोकं आत घातलं आणि थांबले. सगळं चिडीचूप.

"थांबू नका हो काका," दिग्दर्शक म्हणाले. "हशा आम्ही नंतर घालतो."

"नंतर? मग किती थांबायचं ते मला कसं कळणार?"

तेव्हापासून त्यांचा ताल बिघडला. वाक्यं घाईघाईत पडू लागली. माझ्या मुठीवरचा त्यांचा हात घामाने ओला असायचा.

एका दुपारी दिग्दर्शकांनी ताईला बाजूला घेतलं. "पुढच्या भागापासून दुसरा नट बघू या. वडिलांना तू सांगतेस की मी सांगू?"

ती दोघं माझ्या अलीकडे होती आणि काका पलीकडे. माझी फळी पातळ. त्यांना सगळं ऐकू गेलं.

त्यांनी मला हळूच उघडलं आणि डोकं आत घातलं. "आजवर मी भाडेकरूंना हाकललं. आता घरमालकालाच बाहेर काढताय होय?"

कॅमेरावाला फिस्सकन हसला. ताईचे डोळे मात्र भरून आले.

"बाबा तेच आहेत, साहेब," ती म्हणाली. "समोर माणसं नाहीत, एवढंच. दिवेवाल्यांना, रंगभूषेच्या मावशींना, सगळ्यांना बसू द्या. आणि हसू द्या."

"अगं, रेकॉर्डिंगमध्ये आवाज येईल."

"येऊ दे की!"

दिग्दर्शकांनी होकारार्थी मान हलवली. माणसं मिळेल त्या खोक्यांवर बसली. काकांनी मला अर्धवट उघडलं आणि थांबले. आधी मावशी खुदखुदल्या, मग सगळेच सुटले. काका निवांत थांबून राहिले. त्यांचा हात कोरडा होता. तो भाग मावशींच्या उचकीसारख्या हसण्यासकट घरोघरी दिसला आणि काका गुडघे थकेपर्यंत काम करत राहिले.

आता कार्यक्रम बंद झाला आहे. मी गोदामात मोडक्या खुर्च्यांआड उभं आहे. बिजागऱ्या गंजल्या आहेत. कुणी तेलाचा थेंब घातला तर बरं वाटेल, नाही असं नाही. पण माझं मागणं वेगळंच आहे. मित्रांनो, घरात आजोबा, मावशी, धाकटी बहीण, कुणी तुम्हाला हसवायला धडपडत असेल, तर हसू तोंडातल्या तोंडात जिरवू नका. मोठ्याने हसा. ते माणूस तेवढ्यासाठीच थांबलेलं असतं.