मानेपासून गुडघ्यापर्यंत

"डोकं घेऊ नकोस," आई म्हणाली. "मानेपासून गुडघ्यापर्यंत. तेवढं बस झालं."

मी तिचा फोन इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांच्या चवडीला टेकवला आणि ती जिथपर्यंत सांगत होती तिथपर्यंत चौकट खाली आणली. नाचताना ती मनात मोजायची, आणि मोजताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. नाच शिकवणाऱ्या बाईंना ते ध्यान दिसू नये, एवढीच तिची अट.

नाचाचं नाव ट्रायबल फ्यूजन बेली डान्स. बाई दुसऱ्या कुठल्यातरी शहरात राहायच्या. बसवलेला एक नाच त्या तुकड्यातुकड्याने व्हिडिओतून शिकवायच्या. आपण आपला तुकडा करून पाठवायचा, आणि काही दिवसांनी त्यांचं उत्तर यायचं, नुसत्या आवाजात. हे खूळ आईच्या डोक्यात कुठून आलं ते तिने सांगितलं नाही. चष्म्याच्या दुकानातून घरी आली की काळी सैल विजार, कमरेला आवळून बांधलेली ओढणी, आणि टीपॉय भिंतीला.

"पोट तर माझंही हलतं," बाबा पेपरमागून म्हणाले. "मला कोणी शिकवलं नाही."

"तुमचं हलतं, पण थांबत नाही. थांबवायचं शिकवतात."

खरंच तसं होतं. एका बाजूची कंबर उचलायची आणि बाकीच्या अंगाने जणू ते ऐकलंच नाही असं उभं राहायचं. आईला ते त्या संध्याकाळी जमलं. सकाळी पाठव गं, म्हणून ती अंघोळीला गेली. सकाळी मी पाठवला. दुपारी दुकानात, गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी गरम करून वाकवत असताना ती स्टुलावर बसली, डोकं दुखतंय म्हणाली, आणि पुन्हा उठली नाही.

फोन बाबांनी केले. मामाला, मावशीला, दुकानाच्या मालकांना, तिच्या मैत्रिणींना. मी शेजारी बसून नंबर शोधून देत होते. ऑफिसला रजेचं कारण 'घरगुती' असं लिहिलं. कोणी भेटायला आलं की मी पाणी आणायला आत जायची. दुःखाबद्दल मी आयुष्यभर वाचत आले आहे, चांगल्या चांगल्या लेखकांचं. पण साधा एक शब्द तोंडातून निघत नाही तेव्हा काय करायचं, हे कुठे वाचल्याचं आठवेना.

पाहुणे गेल्यावर बाईंचं उत्तर आलं. आईच्या फोनवर, भर दुपारी.

"ताई, कंबर सुरेख. खांदा मात्र अजून मदतीला धावतोय, त्याला घरी बसवा. पुढचा तुकडा पाठवा, वाट बघते."

वाट बघते. घरातले सगळे, रस्त्यावरचे सगळे आईबद्दल 'होत्या' असं बोलत होते, आणि ही एक बाई तिची वाट बघत होती. मी ते परत परत ऐकलं. मग कपाटातून काळी विजार काढली.

मी कधी नाचले नव्हते. पुढचा तुकडा हातांचा होता: खांद्यापासून बोटांपर्यंत एक लाट संथपणे जाऊ द्यायची. माझ्या कोपरात ती अडायची. बाबा बाहेर गेले की मी दार लावून घ्यायची. अंगकाठी आमची सारखीच. मानेपासून गुडघ्यापर्यंत कोण सांगेल? तरी हनुवटी कुठे आत आली नाही ना, ते व्हिडिओ पाठवण्याआधी पुन्हा तपासलं.

"ताई, आज हे काय?" बाई हसत होत्या. "चक्क उजवीकडून?"

मी बाईंचा आणि आईचा जुना व्हिडिओ एकापाठोपाठ लावून पाहिला. मग उलगडा झाला. बाईंचे व्हिडिओ आरशासारखे होते. पडद्यावर ज्या बाजूचा हात हलेल, त्याच बाजूचा आपण हलवायचा. पण आईचं सगळं आयुष्य गिऱ्हाइकासमोर बसण्यात गेलेलं. समोरच्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला, हे तिच्यात इतकं मुरलं होतं की तिने पडद्यावरच्या बाईंनाही गिऱ्हाईकच धरलं आणि अख्खा नाच उलट्या बाजूने शिकली. मी आपली दिसेल तसं करून मोकळी झाले होते.

"मी सुरुवातीला तुम्हाला सुधारायला गेले, तुम्ही ऐकलं नाही," बाई पुढे म्हणत होत्या. "आता मलाच तुमचा डावा नाच आवडायला लागलाय. परत तसाच करा बघू."

त्यानंतर मी बाईंच्या व्हिडिओतून नुसता पुढचा तुकडा बघून घ्यायची, आणि तो करायचा कसा हे आईच्या जुन्या व्हिडिओंवरून शिकायची. तिची चूक तिच्यासारखीच व्हायला हवी होती. वळताना ती डाव्या टाचेवर जरा जास्त रेलायची, तेही घेतलं. बाईंनी एकदाही ओळखलं नाही. ताई, छान. ताई, घाई नको. दर वेळी उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला, आणि आलं की पुढच्याची धास्ती. शेवटचा तुकडा संपल्यावर काय, याचा विचार मी करत नव्हते.

एके दिवशी बाबा लवकर परतले. मी दार लावायला विसरले होते. त्यांनी विजार ओळखली, ओढणी ओळखली, टेबलावरचा आईचा फोन पाहिला.

"कोणाला पाठवतेस?"

मी सांगितलं. ते वाकून बुटाची नाडी सोडू लागले.

"त्या बाईंना माहीत नाही?"

"नाही."

"मग सांग."

"तुम्ही सांगा."

"मी सगळ्यांना सांगितलं," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "दूधवाल्याला सांगितलं. तिच्या दातांच्या डॉक्टरकडून फोन आला, त्यांना सांगितलं. आता माझ्याच्याने होत नाही. या एकीला तरी तू सांग."

मी नाही म्हटलं. सांगितलं की संपलं, एवढं मला कळत होतं. ते आत गेले. दुसऱ्या दिवशी मी ठरलेला तुकडा करून पाठवला. पोटातून लाट वर न्यायची होती, छातीपर्यंत. तो सगळ्यात अवघड.

या वेळी उत्तर त्याच दिवशी आलं. बाई हसत नव्हत्या.

"ताई, एक विचारू? राग मानू नका. गेले कितीतरी व्हिडिओ बघते आहे, तुम्ही श्वास धरून ठेवता. पोट दगडासारखं. पूर्वी असं नव्हतं, पूर्वी तुमचा श्वास मला दिसायचा. नाच चुकला तर चुकू दे, मला त्याचं काही नाही. तब्येत बरी आहे ना? घरी कोणी आहे का लक्ष द्यायला? आता नाचून पाठवू नका. बोलून पाठवा. तुमचा आवाज ऐकला की मला बरं वाटेल."

मी फोन हातात धरून बसले. आतापर्यंत बाई फक्त वाट बघत होत्या. आता त्या काळजी करत होत्या. कुठल्यातरी खोलीत एक अनोळखी बाई माझ्या आईच्या तब्येतीचा घोर जिवाला लावून बसली होती, आणि तो घोर मी लावला होता. आईने कोणाला असं ताटकळत ठेवलं नसतं. गिऱ्हाइकाचा चष्मा उशिरा होणार असेल तर ती स्वतः फोन करून सांगायची.

आत बाबा कपड्यांच्या घड्या घालत होते. मी दार लावलं नाही.

फोन टेबलावर ठेवला, तेव्हा सवयीने चौकट मानेपाशी कापली गेली. मी चवडीतली दोन पुस्तकं काढून फोनखाली सरकवली. चेहरा आत आला. तो आईसारखा नव्हता. बाबांवर गेलेला आहे, असं सगळे म्हणतात. मी बटण दाबलं.

"बाई," मी म्हटलं, आणि थांबले. आतल्या घड्यांचा आवाजही थांबला. "तुम्ही ज्यांना ताई म्हणता ती माझी आई. मी तिची मुलगी. हातांच्या तुकड्यापासून नाचते आहे ती मी."

कितीतरी दिवस कोंडलेला श्वास सुटला, आणि त्याच्याबरोबरच तो शब्दही.

"आई गेली, बाई."