कोपरा दुमडलेलं पान

आमच्या शिवणाच्या दुकानात एक नियम आहे. कोपरा दुमडलेला कागद म्हणजे रद्दी, त्यावर कुणीही खुशाल कात्री चालवावी. नियम मीच केलाय. कारण आमचे हे कॉलरचा नमुना कापायला बसले, की विजेचं बिलसुद्धा सोडत नसत. आता नियम माझा आणि कोपराही मीच दुमडलेला, तर बोंब मारायची कुणाच्या नावानं?

झालं काय, काज-बटणं करता करता आठ वर्षांत मी एक कादंबरी लिहिली. एका घड्याळजीची आणि त्याच्या मुलीची. रोज संध्याकाळी हे तुरपाई करत बसायचे आणि मी दिवसभरात लिहिलेलं वाचून दाखवायची. कौतुक सोडा, या माणसाच्या तोंडून "हं" याच्यापुढे अक्षर निघेल तर शपथ! "भिंतीला वाचून दाखवलं असतं तर तिनं तरी काहीतरी उत्तर दिलं असतं," असं मी भांडायची. त्यावरही "हं"च.

मग लेखक मेळाव्याचं पत्र आलं. नव्या लेखकांनी दहा पानं घेऊन यायचं आणि एका मोठ्या प्रकाशनाच्या संपादकबाईंसमोर दहा मिनिटं बसायचं. त्यांना आवडलं, तर त्या पूर्ण कादंबरी मागून घेणार. माझं वय चोपन्न. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. ती दहा पानं मी सहा वेळा नव्यानं लिहिली, चांगली नटवली आणि छापून आणली. आदल्या दिवशी दुकानात नववं पान शेवटचं तपासायचं राहिलं, म्हणून खूण राहावी इतक्यासाठी त्याचा कोपरा दुमडला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मी ते पान कटिंगच्या टेबलावर तसंच विसरले.

मेळाव्याच्या हॉलबाहेर खुर्च्या मांडल्या होत्या. माझा नंबर चौदावा. शेजारी एक निवृत्त साहेब आत्मचरित्राचे तीन खंड मांडीवर घेऊन बसले होते. बारावा नंबर आत गेला तेव्हा मी फाइल उघडली. नवव्या पानाच्या मधोमध अर्ध्या कॉलरच्या आकाराचं भोक! आणि उरलेलं पान नीट परत फाइलमध्ये लावलेलं. टापटीप माणूस ना आमचा!

हे मागच्या रांगेत बसून पडद्याची शिलाई निरखत होते. मी जाऊन ते पान त्यांच्या नाकासमोर धरलं. "अहो, हे काय करून ठेवलंत?"

त्यांनी पान पाहिलं. चेहरा पार उतरला. "कोपरा दुमडलेला होता गं," एवढंच म्हणाले.

मला रडूच फुटलं. नव्यानं बदललेली वाक्यं मला एकही आठवेना. बाप गेल्यावर मुलगी पहिल्यांदा दुकान उघडते, तो सगळा प्रसंग त्या भोकात गेला होता.

"नवं मलाही नाही आठवत. फार लांबलचक होतं ते," हे हळूच म्हणाले. "पहिलं आठवतंय."

"कुठलं पहिलं?"

"शाळेच्या गणवेशांची घाई होती तेव्हा वाचलं होतंस ते." आणि पडद्याकडे बघत बोलायलाच लागले. "तिनं दुकान उघडलं. सगळी घड्याळं चालू होती. तिला राग आला. निदान एकानं तरी थांबायला हवं होतं..."

मी बघतच राहिले. हा माणूस गिऱ्हाइकाचं माप वहीत कधी बघत नाही, हे मला ठाऊक होतं. पण माझी वाक्यं? साहेबांनी न मागता आपल्या वहीतला कोरा कागद फाडून दिला. हे सांगत गेले, मी गुडघ्यावर फाइल ठेवून लिहीत गेले. शेवटची ओळ झाली आणि चौदावा नंबर पुकारला.

संपादकबाईंनी आठ पानं भराभर उलटली. हाताने लिहिलेल्या पानावर मात्र त्या थांबल्या. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"मीच."

"आणि ही आठ?"

"तीपण मीच."

त्या हसल्या. "ही आठ पानं पाहुण्यांसमोर बसल्यासारखी बोलतात हो. हे पान घरातलं बोलतंय. सगळी कादंबरी अशी असेल तर मला हवी आहे. तीन महिन्यांत आणाल?"

मी हो म्हटलं. बाहेर आले आणि यांना सगळं सांगितलं. सगळी तशी होती हो, पण पहिल्या खेपेला! मग सगळीच नटवून नव्यानं लिहिली आणि ते पहिले कागद मी रद्दी म्हणून कोपरे दुमडून यांनाच दिले होते. दोन वर्षांत त्यांच्या कॉलरी झाल्या, बाह्या झाल्या, कफ झाले, आणि फाटले तसे टाकूनही दिले.

परत आल्यावर यांनी दुकान उघडलं, एक पँट घेऊन तुरपाईला बसले, सुईत दोरा ओवला आणि म्हणाले, "वही घे. पहिल्या पानापासून सांगतो."

"सगळं आठवतंय तुम्हाला?"

"सगळं कसं आठवेल? मधलं मधलं गेलंय. ते तू घाल."

मला इतकं भरून आलं की काय सांगू. आठ वर्षं ज्या माणसाला मी भिंत म्हणत आले, त्यानं माझे शब्द जमतील तेवढे सांभाळून ठेवले होते. मी वही घेतली. ते सांगत होते, मी मान खाली घालून लिहीत होते. दोन पानं झाल्यावर ते मध्येच थांबले.

"ऐकतेयस ना?"

"हं," मी म्हटलं.