दाजींची विडी

छातीत कळ येऊन गेल्यावर दीपिकाने वडिलांना, दाजींना, गव्हाणहून पनवेलच्या डॉक्टरांकडे आणलं. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "यांचं चांगलं कोलेस्टेरॉल फारच कमी आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचणारी चरबी ते उचलून यकृताकडे नेतं. तेच कमी पडलं, की वाहिन्या खराब होत जातात."

"मग ते वाढवायची गोळी द्या ना," दीपिका म्हणाली.

"तशी खात्रीची गोळी नाही. विडी सोडवा आणि रोज चालायला लावा."

दाजी हसले. "मिठागर व्हता तवा दिसभर बांधावरून चालायचो, डाक्टर. आता तो बंदरात गेला. चालून जाऊ कुठं?"

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दीपिका त्यांना रस्त्याला घेऊन निघाली. न्हावा शेवा बंदराचे ट्रक अगदी अंगाला घासून जात होते. धुळीने दाजींना ढास लागली. थोडं चालून ते बंदराच्या कुंपणाला टेकले आणि त्यांनी खिशातून विडी काढली.

"बाबा, नको ना."

ते कुंपणापलीकडे, आपल्या मिठागराच्या जागेकडे बघत राहिले. दीपिकाने त्यांच्या हातातली विडी काढून घेतली, थोडा वेळ मुठीत धरली आणि परत दिली.

होळीच्या आधी दाजी ओट्यावर बसल्या जागीच गेले. आई दीपिकाला पुन्हा पुन्हा विचारत होती, "औषद द्यायचा काय ऱ्हायला का गो?"

"नाय आई," दीपिका म्हणाली. परत दिलेली ती विडी मात्र तिला अजून आपल्या मुठीत असल्यासारखी वाटत होती.