कानपेटीचे तीन सेल

मित्रांनो, माझ्याशी बोलायचे तर जवळ या आणि जरा मोठ्याने बोला. मी एक जुनी कानपेटी आहे. बहिऱ्या माणसाला ऐकू यावे म्हणून मला विलायतेत घडवले. तळहाताएवढी काळी पेटी, पुढे जाळी, जाळीमागे कोळशाचे बारीक दाणे आणि तारेच्या टोकाला कानाशी धरायची एक गोल चकती. कोणी बोलले की माझे दाणे थरथरतात आणि आवाज मोठा होऊन चकतीत पोचतो. पण हे सारे पोटात बॅटरी असेल तर. बॅटरी संपली की मी नुसता डबा. मग दिसते सगळे, पण मलाही काही ऐकू येत नाही.

माझी पहिली मालकीण आगबोटीवरच्या एका डॉक्टरांची आई होती. ती गेली आणि डॉक्टरांनी मला पेटीच्या तळाशी टाकले. त्याच बोटीवर पूर्णगडचे आप्पा आगवाले होते. तीस वर्षे त्यांनी भट्टीत कोळसा टाकला आणि इंजिनाच्या धडधडाटात कान गमावले. एकोणीसशे एकतीस साली नोकरी संपवून ते घरी निघाले, तेव्हा डॉक्टरांनी मला त्यांच्या हातात ठेवले. कोळशापायी कान गेले आणि कोळशाच्याच दाण्यांनी परत आले, ही गंमत आप्पा भेटेल त्याला सांगत.

घरी त्यांची बायको येसूबाई होती. तिच्यापाशी तीस वर्षांचे बोलणे साठले होते. आप्पा दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचे आणि तो महिना घर शाकारण्यात आणि पाहुण्यांतच संपायचा. आता ती रोज तिन्हीसांजेला माझ्यासमोर बसे. कोणाच्या परड्यात फणस धरला, कोणाची सून रुसून माहेरी गेली, सगळे सांगे. आप्पा डोळे मिटून ऐकत. माझे ते दिवस फार सुखाचे होते.

पण माझी भूक मोठी. दोन-तीन आठवड्यांत बॅटरी बसायची. आणि मला लागणारी चपटी, दोन पितळी खुंट्यांची बॅटरी मुंबईशिवाय कुठे मिळत नसे. चौतीस सालच्या वैशाखात मुंबईच्या दुकानदाराचे पत्र आले. कंपनीने हे माप काढणे बंद केले आहे, शेवटच्या चार उरल्या आहेत, त्या पाठवतो. त्या चार बॅटऱ्या पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीने आल्या. आता नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी बंद.

त्या बॅटऱ्या आप्पांना एका खास गोष्टीसाठी हव्या होत्या. त्यांची एकुलती मुलगी मैना पहिल्या बाळंतपणासाठी सासरच्या नाटे गावाहून माहेरी आली होती. स्वतः मैना जन्मली तेव्हा आप्पा एडनच्या बंदरात होते. घरी परतले तेव्हा ती अंगणात चालत होती.

"पोर जल्माला येताना कसा रडतो, ता मी कधी ऐकलाच नाय," ते येसूबाईला म्हणाले. "ह्या येळेला दाराशी बसून ऐकनार मी."

येसूबाईने हे फार मनावर घेतले. आगोटीची बेगमी चालली होती. पावसाळ्यासाठीचे मीठ, मिरच्या, सुके बांगडे, ज्याला ओल लागू द्यायची नाही ते सारे तिने चुलीवरच्या फळीवर चढवले. तिथेच, मिठाच्या मडक्याशेजारी, चार बॅटऱ्या कापडात गुंडाळून ठेवल्या. मी बघत होते. बॅटरीच्या पोटात ओलसर लगदा असतो आणि तो सुकला की बॅटरी मेली, हे मला ठाऊक होते. पण माझ्यातून दुसऱ्यांचा आवाज जातो, माझा स्वतःचा नाही.

आषाढात जुनी बॅटरी संपली. आप्पांनी फळीवरची पहिली काढून लावली. काही नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. शेवटी चौथी लावली. चारही चुलीच्या आचेने सुकून मेल्या होत्या. येसूबाई चुलीपाशी मटकन खाली बसली. तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणत होती ते आप्पांना कळले नाही आणि मलाही नाही. आप्पा रागावले नाहीत. त्यांनी हातानेच 'असू दे' म्हटले आणि पाठ फिरवून पडवीत जाऊन बसले. मला त्या माणसाची फार कीव आली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी मला आणि एका मेलेल्या बॅटरीला मेणकापडात गुंडाळले आणि रत्नागिरीची वाट धरली. त्यांचे कान म्हणून शेजारची बडबडी गुणवंती सोबत निघाली. ती दर आठवड्याला सुकी मासळी विकायला रत्नागिरीला जायची, तेव्हा बाजार तिच्या पायाखालचा. भर पावसात पावस गावावरून चालत, भाट्याची खाडी होडीने ओलांडून आम्ही पोचलो. पहिल्या दुकानदाराने बॅटरी उलटीपालटी करून मान हलवली. दुसऱ्याने तर हातातही घेतली नाही. तिसराही मान हलवू लागला, तशी गुणवंतीने बॅटरी त्याच्या हातातून ओढली, कमरेची सुरी काढली आणि वरचा पुठ्ठा फाडला. मी हादरलेच. आप्पांनी डोक्याला हात लावला. पण आत पाहिले तर जस्ताच्या तीन बारक्या डब्या, एकीला एक जोडलेल्या! दुकानदाराने वाकून आत पाहिले. मग त्याने मागच्या फळीवरून विजेरीचे तीन सेल, तशाच पण मोठ्या डब्या, काढून आमच्यासमोर मांडले.

खरे सांगते, मला अपमान वाटला. मी विलायतेची, आणि माझ्या पोटात हे विजेरीचे ठोंबे! शिवाय ते माझ्यात मावेनात. आप्पांनी घरी येऊन बांबूचे एक पेर कापले, त्यात तिन्ही सेल एकामागे एक बसवले, दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या लावल्या आणि तारा माझ्यापर्यंत आणल्या. माझ्या अंगातून झिणझिणी गेली आणि माझा सारा ताठा उतरला. पहिला आवाज आला तो अर्थात गुणवंतीचा.

"बांगडा घेताना मी कल्ला उचलून बघतेच ना? मग ह्या बेट्याच्या पोटात काय हाय ता बघल्याबिगर कशी परतू? तो दुकानदार मना म्हनतो..."

"गुणवंते, पुरे गो!" येसूबाई मध्येच म्हणाली. "आवो, सेल काढा ते. नातवंडासाठी ठेवायचे हायत. बोटी चालू होईस्तवर दुसरे येनार नायत."

सेल काढले. ते आता चुलीपासून लांब, आप्पांच्या उशाशी राहिले. पुढचे तीन आठवडे येसूबाई आप्पांशी खुणांनीच बोलली. तरी तिन्हीसांजेला ती सवयीने माझ्यासमोर येऊन बसे, थोडा वेळ माझ्याकडे बघे आणि उठून जाई. तिच्या आवाजासाठी माझा जीव नुसता तळमळत होता.

श्रावणातल्या एका सकाळी सुईण आली. आप्पा माझी जाळी खोलीच्या दाराकडे करून पडवीत बसले. सेल घालायचे, ऐकायचे, पुन्हा काढायचे. मैनेचे कण्हणे, सुईणीचे दरडावणे, पागोळ्यांची टपटप. दुपार झाली. माझा जोर ओसरू लागला होता. आप्पांनी सेल काढायला हात घातला, आणि त्याच क्षणी आतून रडणे आले. बारीक, चिडलेले, हक्काचे. मी उरलेला सगळा जोर लावून ते आप्पांच्या कानात पोचवले.

"रडला! पोर रडला! मी ऐकला!" आप्पा ओरडले. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे सगळी आळी दारात आली. लोकांनी पाहिले तर आप्पाच ओक्साबोक्शी रडत होते.

नात झाली होती, हौसा. त्या संध्याकाळी आप्पांनी मला येसूबाईपुढे ठेवले. "थोडी धुगधुगी उरली हाय. आता तू बोल. तीन हप्ते गप ऱ्हायलीस."

येसूबाईने पदर सावरला, तोंड उघडले, मिटले. इतके दिवस साठवलेले एवढे बोलणे, पण एक शब्द बाहेर येईना. कोणी बोलो न बोलो, माझे सेल जळतच असतात. बोल बाई, बोल, असे मला होऊन गेले. शेवटी ती म्हणाली, "पेज निवतेय. जेवून घ्या."

आणि सेल संपले. आप्पा हसले, उठले आणि मुकाट्याने पेज जेवले.

पुढे रत्नागिरीहून विजेरीचे सेल येत राहिले, येसूबाई बोलत राहिली. गेल्या माघात आप्पा गेले. येसूबाईने बांबूतले सेल काढले आणि मला त्यांच्या पेटीत, त्यांच्या सदऱ्याखाली ठेवले. आता तिचेही कान गेले आहेत. मैनेने सेल घालून मला पुढे केले की ती मान हलवते. "मना जा ऐकायचा हाय, ता त्याच्यात येनार नाय," म्हणते. तिचे खरे आहे. मलाही तोच, आप्पांचा आवाज हवा आहे.

परवा मैना हौसाला घेऊन आली. तिने न विचारता बांबूत तीन नवे सेल भरले आणि चकती आईच्या कानाशी धरली. येसूबाई ती ढकलणार, एवढ्यात पाच वर्षांची हौसा माझ्या जाळीला तोंड लावून ओरडली, "आजी, पेज निवतेय! जेवून घे!"

येसूबाईचा हात वरच्या वर थांबला. मग तिने चकती दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरली.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिचे पोट एकदा उघडून बघा. आणि घरात कोणाला कमी ऐकू येत असेल तर त्याच्याजवळ बसून बोला. काय बोलावे ते सुचले नाही, तर पेज निवते आहे एवढेच सांगा. तेवढेही पुरते.